बरणीतला ओला चमचा

परवा हपिसात पुन्हा तेच ऐकलं. "अरे, दहा वर्षं हा कोड बघतोय मी. ही ओळ बदलून काही होत नाही." बदलली. तिसऱ्या दिवशी व्याजाचा रिपोर्ट चुकला. म्हणे त्याचा इथे संबंधच नाही! संबंध होता, एका ग्लोबल व्हेरिएबलमधून.

काकू, खास तुझ्यासाठी: लोणच्याची बरणी सगळ्या घराची. कुणीतरी ओला चमचा घालतं, बुरशी महिन्याने दिसते आणि बोलणी भलताच खातो. ग्लोबल व्हेरिएबल म्हणजे ही बरणी.

उपाय जुनाच आहे. १९८१ साली मार्क वायझरने प्रोग्राम स्लायसिंग मांडलं. एखाद्या ठिकाणी व्हेरिएबलची किंमत ज्या ज्या ओळींमुळे बदलू शकते, तेवढ्याच ओळी वेगळ्या काढायच्या. थोडक्यात, बरणीला कुणाकुणाचा हात लागू शकतो त्याची यादी.

पण आमच्याकडे टूल नको. ते म्हणे उगाच ओरडतं. कबूल. पॉइंटर आले की ते शंकेपोटी जास्तीची नावं घेतं. सर्वांत लहान स्लाइस दर वेळी काढणं अशक्य, हेही वायझरनेच दाखवलंय. तरी दहा जास्तीची नावं परवडतात हो, एक राहिलेलं परवडत नाही.

थेरॅक-२५ आठवा, कॅन्सरवर किरणोपचार करणारं यंत्र. त्यात 'क्लास३' हे एका बाइटचं व्हेरिएबल होतं. ते शून्य नसेल तरच यंत्राचा भाग जागेवर आहे का हे तपासलं जाई. तयारीच्या प्रत्येक फेरीत त्यात एक मिळवत. बाइटमध्ये २५५ च्या पुढे जागा नाही, म्हणून दर २५६व्या फेरीला शून्य, आणि तपासणी गुल! जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेत याकिमा इथे एका रुग्णाला किरणांची प्रचंड जादा मात्रा मिळाली. तो पुढे दगावला.

त्या तपासणीचा स्लाइस काढला असता, तर 'एक मिळवा' ही ओळ समोर आली असती. "मिळवायचं कशाला?" हे माणसानेच विचारायचं, पण आधी ओळ दिसायला तर हवी! नंतरची दुरुस्ती एवढीशीच होती: मिळवणं बंद, ठरावीक आकडा ठेवा.

आणि हो, ते सॉफ्टवेअर एकाच माणसाने लिहिलं होतं. त्यालाही आपला कोड पाठच असणार, नाही का?

असो. सोमवारी मी टूल चालवणार आहे. बोलणी खायची तयारी आहे.