Explained : कोकण घडवणारा ज्वालामुखी आजही धगधगतोय, मग अंजनवेलला धोका आहे का?

इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा २३ नोव्हेंबर २०२५ रोजी उद्रेक झाला. त्याची राख अरबी समुद्र ओलांडून भारतावर आली आणि मुंबईहून सुटणारी काही विमाने रद्द करावी लागली. कोकणची जमीनही लाव्हातूनच तयार झाली आहे. मग अंजनवेलसारख्या गावाखाली पुन्हा काही धुमसू शकते का? थोडक्यात उत्तर : नाही. ते कसे, समजून घेऊया.

आपला ज्वालामुखी गेला कुठे?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत सह्याद्री घडला. ही उष्णता पृथ्वीच्या पोटातील एका ‘हॉटस्पॉट’मधून आली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. पुढे भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकला आणि हॉटस्पॉट मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस या त्याच वाटेवरच्या खुणा. आज तो रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे, अंजनवेलपासून सुमारे ४,७०० किलोमीटरवर.

तिथे काय घडते?

बेटावरचा ‘पितों द ला फुर्नेझ’ जगातील सर्वाधिक सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. १९७७ मध्ये लाव्हा पितों सेंत-रोझ गावात शिरला. एप्रिल २००७ मध्ये शिखरावरच्या विवराचा तळ ३०० मीटरहून अधिक खचला, तर लाव्हा किनाऱ्यावरचा रस्ता गिळून समुद्रात उतरला.

मग उन्हवरे, तुरळचे गरम पाणी?

त्यामागे ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते.

अंजनवेलला काय उरले?

लाव्हाचा काळा कातळ लाखो वर्षे पाऊस आणि उन्हाने झिजला. त्यातील सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. तोच आपला जांभा. गोपाळगडाची तटबंदी याच दगडाची आहे आणि घरांचे चिरेही याचेच.

जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकणमातीच्या किंवा कातळाच्या थरावरून वाहत उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. बरेचसे पाणी उन्हाळ्यापूर्वीच निघून जाते. म्हणून धो धो पाऊस पडूनही कोकणातल्या अनेक वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात.

चिरेखाणीसाठी सडा खोदला किंवा सपाट केला, तर झऱ्याकडे जाणारी ही वाटच तुटू शकते. त्यामुळे खाणीला परवानगी देण्याआधी खालच्या वाडीचा झरा कुठून भरतो, हे तपासायला हवे. अंजनवेलने काळजी करायची ती लाव्हाची नाही, त्याने मागे ठेवलेल्या दगडातून वाहून जाणाऱ्या पाण्याची.