अंदाजपत्रकात न धरलेलं काम

मी बांधकाम ठेकेदार आहे. शाळेच्या खोल्या, गटारं, लहानमोठी घरं अशी कामं सांगली जिल्ह्यात गेली वीस वर्षं घेते आहे. आठ मार्चला मला हमखास कुठेतरी बोलायला बोलावतात आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : “घर आणि धंदा, दोन्ही कसं सांभाळता?” माझ्या शेजारी एखादा पुरुष ठेकेदार बसलेला असेल तर त्याला मात्र सिमेंटचे भाव विचारतात. घर त्यालाही आहे, पोरंबाळंही आहेत!

प्रश्न खोटा नाही. हा धंदाच असा आहे की घराच्या घड्याळाशी त्याचं जमत नाही. स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही. अर्ध्यावर सोडला तर तिथे सांधा पडतो आणि पुढे दर पावसाळ्यात पाणी झिरपतं. घरी पोर तापानं फणफणलेलं असलं तरी शेवटचं घमेलं पडेपर्यंत ठेकेदार जागेवर हवा. सरकारी बिलं निघतात मार्चअखेर, मुलांच्या परीक्षाही त्याच सुमाराला. दिवाळीआधी मजुरांचा हिशेब चुकता करायचा, त्याच आठवड्यात घरी फराळ.

हे मी एकटीनं कधीच पेललेलं नाही. माझी मुलं सासूबाईंनी वाढवली. स्वयंपाकाला एक बाई येतात. स्लॅबच्या दिवशी रात्रीच्या भाकरी नवरा थापतो. गोल होत नाहीत, पण पोट भरतं. म्हणून ‘तारेवरची कसरत’ हे कौतुक मला नको वाटतं. माझा तोल इतर बायकांच्या खांद्यांवर उभा आहे. त्यांतल्या एकीला पगार मिळतो, दुसरीला तोही नाही.

आणि माझ्याच कामावर घमेली वाहणाऱ्या बाईला हा प्रश्न कुणीच विचारत नाही. विजापूर, कलबुर्गी, लातूरकडून जोडपी येतात. मागे ठेवायला गावात कुणी नसतं, म्हणून मुलं बरोबर. तान्हं झोळीत, रांगतं खडीच्या ढिगात, शेजारी पाण्याचा उघडा हौद. त्यांना सांभाळायला थोरली बहीण, वय वर्षं आठ. तिची शाळा सुटते ती सुटतेच. म्हणजे या बाईचा तोल आठ वर्षांच्या पोरीवर!

कायदा नव्हता असं नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला. पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं त्यात होतं. पण माझ्यासारखीच्या कामावर बायका असतात आठ-दहा. गावोगावची बहुतेक कामं अशीच. पन्नासाचा आकडा तिथे भरतच नाही, म्हणून पाळणाघराचा प्रश्नच उठत नाही. त्याच साली आलेल्या दुसऱ्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी घेतला जाऊ लागला. तो पैसा मंडळांकडे पडून राहतो, कामगारापर्यंत जात नाही, म्हणून २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सरकारांना खडसावलं. रक्कम हजारो कोटींत होती.

त्यातही बाईची अडचण वेगळी. मंडळात नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पण मुकादम मजुरी धरतो ‘जोडी’ची. हजेरीपटावर नाव नवऱ्याचं, पैसे त्याच्या हातात. बाईनं वर्षभर विटा वाहिल्या तरी कागदावर ती नाहीच. मग बाळंतपणाचा लाभ कुणाच्या नावानं मागायचा? समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण ज्या बाईला वेतनच वेगळं मोजून दिलं जात नाही, तिचं ‘समान’ कशाशी ताडून बघायचं?

माझ्या कामावर हजेरीपटात बाईची ओळ वेगळी असते आणि मजुरी तिच्या हातात पडते. सुरुवातीला मुकादम कुरकुरले, नवरेही. आता सवय झाली. दुसरं, जागेवर पत्र्याची एक खोली मुलांची. गुडघ्यांनी शिडी चढू न देणारी एक वयस्क मजूर बाई तिथे बसते. तिला रोज बिगाऱ्याइतकाच. वर दूध, खिचडी. यात उपकार नाहीत. पोर डोळ्यांआड सुखरूप असलं की बाई निर्धास्त काम करते, हा साधा धंद्याचा हिशेब आहे. आणि हे नवंही नाही. दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ सालीच बांधकामाच्या जागेवर पाळणाघर सुरू केलं होतं.

माझे व्यवसायबंधू म्हणतात, “ताई, हा खर्च धरला तर टेंडर दुसऱ्याला जातं.” बरोबर आहे. सर्वांत कमी दराला काम मिळतं, म्हणून जो माणुसकीचा खर्च धरतो तो हरतो. माझा नफा मी कमी करीन, पण एकटीनं सोसून रीत बदलत नाही. अंदाजपत्रकात खोदाई, सेंट्रिंग, प्लॅस्टर यांना जशी एकेक बाब असते, तशी पाळणाघराचीही एक बाब हवी. कामावर दोन मुलं असोत की वीस. ती सगळ्यांनाच बंधनकारक झाली की कमी दराची चढाओढ मुलांच्या जिवावर होणार नाही.

मैत्रिणींनो, हे आपल्या हातात आहे. तुमच्या गावात ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेचं, नगरपालिकेचं काम सुरू होईल तेव्हा दोनच गोष्टी विचारा : अंदाजपत्रकात मुलांची सोय कुठे आहे? आणि हजेरीपटावर बायकांची नावं आहेत का? ग्रामसभेत विचारा, लेखी विचारा. ठेकेदार बाई असली तर तिलाही विचारा. घर कसं सांभाळते, हे मात्र विचारू नका. आणि विचारायचंच असेल, तर पुरुष ठेकेदारालाही विचारा.