शिवणयंत्र दिले, घसाऱ्याचे काय?

यंत्राला गांधीजींचा सरसकट विरोध आहे काय, असा प्रश्न १९२४ साली त्यांना विचारला गेला, तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. माणसाला निकामी न करता त्याचे कष्ट हलके करणारे यंत्र त्यांना मान्य होते. त्या यंत्राची मालकी कोणाची, हा प्रश्न समाजवाद्यांनी पुढे जोडला. आणखी एक प्रश्न मात्र राहून गेला आहे : यंत्र बिघडले म्हणजे ते उघडायचे कोणी?

केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, काही मुले आणि अपंग. अशा घरातील एखाद्या अंध स्त्रीपाशी पायाने चालवायचे शिवणयंत्र असले, तर गोधड्या, पिशव्या, परकर आणि उसवलेले कपडे यांवर चार पैसे तिच्या हाती येऊ शकतात. तयार कपड्यांच्या बाजाराशी तिची स्पर्धाच नाही; फाटलेले शिवून देण्याचे काम तो बाजार करीत नाही. पण पट्टा सैल पडला, टाके सुटू लागले, की यंत्र कोपऱ्यात जाते. ते अवजड लोखंड एस.टी.त घालून तालुक्याला नेणार कोण?

अंध व्यक्तीने सुईजवळ हात नेऊ नये, असे म्हणणाऱ्यांची दया खरी असते, माहिती अपुरी असते. कसबी दुरुस्तीवालासुद्धा निम्मे काम बोटांनी आणि कानांनीच करतो. प्रथम पट्टा चाकावरून उतरवावा, म्हणजे चुकून पाय पडला तरी सुई हलत नाही. घरगुती यंत्राच्या सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते आणि दोरा जिकडून ओवायचा त्या बाजूस लांब खाच असते. दोन्ही गोष्टी नखाला लागतात. ओवण्यासाठी बारीक तारेचे साधन किंवा बाजूला फट असलेली सुई मिळते. खालच्या दोऱ्याचा ताण पाहायला तर डोळे लागतच नाहीत. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत सोडावी. ती आपोआप घसरली तर ताण सैल, हिसका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. हलक्या हिसक्याला थोडी उतरून थांबली म्हणजे ठीक. बारीक स्क्रू एका वेळी अगदी थोडाच फिरवायचा. कापडाच्या खालच्या अंगाला दोऱ्याचे फास बोटाला लागले, तर दोष बहुधा वरच्या ताणात असतो. दात्यांखालचा कापसाचा भुगा ब्रशने काढावा, तेलाच्या प्रत्येक छिद्रात एकेक थेंब सोडावा आणि आधी चिंधीवर शिवून पाहावे. काढलेले स्क्रू क्रमाने वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले की हरवत नाहीत, आणि ही शिस्त डोळस कारागिरांनीही उचलावी अशी आहे.

लुई ब्रेलची दृष्टी गेली ती बालपणी, वडिलांच्या खोगिरे शिवण्याच्या कारखान्यात, टोकदार हत्याराने झालेल्या इजेमुळे. पुढे अंधांसाठी त्याने घडविलेली लिपी टोकदार लेखणीने कागद टोचूनच लिहिली जाते. हत्यार दूर ठेवणे हा त्याच्या बुद्धीने काढलेला मार्ग नव्हता.

आता शासनाकडे वळावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव वाटा आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना अग्रक्रम आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. म्हणजे भांडवलाचा विचार झाला. परंतु अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी घसारा शिकवितात. गिरणीमालकाला करआकारणीत यंत्राच्या घसाऱ्याची वजावट मिळते. गोधडी शिवणाऱ्या अंध बाईच्या यंत्राची झीज मात्र कोणाच्याच हिशेबात नाही. यंत्र वाटले की फोटो निघतो. चामड्याचा पट्टा बदलून देण्याचा समारंभ होत नाही.

तेव्हा पंचायत समितीसमोर ठेवायची मागणी नुसती यंत्रांची नको. प्रत्येक यंत्रासोबत ब्रेलमध्ये आणि ध्वनिमुद्रित स्वरूपात मराठी माहिती, सुया, पट्टा, बॉबिन यांचा वर्षभराचा संच, आणि आठ दिवसांचे शिक्षण हवे. त्यात पहिला दिवस शिवण्याचा नसावा, यंत्र उघडून पुन्हा जोडण्याचा असावा. हे शिक्षण गावातच द्यावे आणि टोळ्या निघण्यापूर्वी, भाद्रपदातच उरकावे, कारण नंतर घरी यंत्राला हात लावून द्यायला दुसरे कोणी उरत नाही.