इंग्रजाला दाखविण्यापुरतें

पोर्तुगीज भाषेंत ‘पारा इंग्लेस व्हेर’ असा एक मार्मिक वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ ‘इंग्रजानें पाहावें म्हणून’. भावार्थ, केवळ देखाव्यासाठीं केलेलें काम. त्याची व्युत्पत्ति विचारली असतां बहुतेक पंडित एकच कथा सांगून मोकळे होतात. इंग्लंडच्या दडपणाखालीं ब्राझीलनें ७ नोव्हेंबर १८३१ रोजीं गुलामांची आयात बंद करणारा कायदा केला. तो पाळण्याचा कोणाचाच मानस नव्हता. आणि त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला!

या व्युत्पत्तीवर आमचे आक्षेप दोन. पहिला पुराव्याचा. याच शब्दांची दुसरी कथा १८०८ सालची सांगतात. नेपोलियनच्या सैन्यापुढून निघालेला राजपुत्र जुआंव इंग्रजी आरमाराच्या संरक्षणाखालीं बाहियास पोंचला, तेव्हां तेथील रोषणाई पाहून त्यानें हे उद्गार काढले म्हणे. एकाच वाक्प्रचाराला दोन बाप सांगितले जातात, तेव्हां शहाण्यानें दोघांचेही दाखले मागावे. कथा चटकदार आहे एवढ्यानें ती व्युत्पत्ति होत नाहीं. शब्दप्रयोगाचा सर्वांत जुना लेखी दाखला जो पुढें ठेवील त्याचेंच म्हणणें ग्राह्य.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायदाच देखाव्याचा होता असें म्हटलें कीं तो मोडणारांचा दोष आपोआप पुसला जातो. वस्तुतः त्याच्या पहिल्याच कलमानें बाहेरून आणलेला गुलाम स्वतंत्र ठरला होता. आरंभीं कांहीं वर्षें आयात पुष्कळ घटलीही. पुढें मळेवाल्यांच्या लोभामुळें व अधिकाऱ्यांच्या डोळेझाकीमुळें, १८५० चा दुसरा कायदा होईपर्यंत, सात लाखांवर आफ्रिकन माणसें चोरून आणलीं गेलीं. कायदा खोटा नव्हता. राखणदार खोटे होते.

आणि तेंच निर्जीव मानलेलें कलम हातीं घेऊन लुईस गामा पुढें न्यायालयांत लढला. दहाव्या वर्षीं बापानेंच आपल्याला विकलें, असें तो लिहून गेला आहे. हा मुलगा स्वतःच्या बळावर कायदा शिकला, आणि या व इतर कायद्यांच्या आधारें पांचशेंवर माणसें त्यानें सोडविलीं. हा कायदा निव्वळ देखावा होता असें त्या माणसांना कोणत्या तोंडानें सांगावें?

खायचे दात वेगळे व दाखवायचे वेगळे, हें आपल्याही भाषेला ठाऊक आहे. पण दात कोणाचे, हें म्हण सांगत नाहीं. तें इतिहासालाच विचारावें लागतें. चुटका सांगून टाळी घेण्यापूर्वीं व्युत्पत्तिकारांनीं एवढे कष्ट घ्यावे, इतकेंच आमचें म्हणणें आहे.