किनाऱ्यावरचा मुखत्यार

येत्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर भरणाऱ्या आपल्या वार्षिक स्नेहमेळाव्यात लेझीम, अंताक्षरी आणि वनभोजन यांच्या जोडीला कयाक व पॅडलबोर्ड चालविण्याचाही कार्यक्रम असावा, अशी सूचना तरुण सभासदांनी मांडली आणि कार्यकारिणीने ती एकमताने मान्य केली, हे वृत्त याच अंकात अन्यत्र दिले आहे. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. ज्या देशात कोणतेही गाव समुद्रापासून शंभर मैलांवर नाही, त्या देशात आयुष्य काढायचे आणि समुद्राशी ओळख मात्र वाळूत सतरंजी अंथरण्यापुरतीच ठेवायची, हे आपल्या मुलांना मान्य नसेल तर त्यांचे काहीच चुकत नाही. परंतु ज्या कार्यक्रमात पन्नास-साठ कुटुंबे, त्यांची मुले आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले त्यांचे वृद्ध आईवडील सहभागी व्हावयाचे आहेत, त्याची सुरक्षितता ही केवळ तरंगजाकिटांची संख्या मोजून निकालात काढण्याची बाब नव्हे. आणि म्हणूनच मेळाव्यास अद्याप अवधी असताना या विषयाचा विस्ताराने विचार करणे हे या वार्तापत्राचे कर्तव्य आहे, असे आम्ही समजतो.

आपल्यापैकी बहुसंख्य सभासद देशावरचे. पोहणे शिकले असलेच तर ते विहिरीत, नदीच्या डोहात किंवा नगरपालिकेच्या तलावात. कोकणातला समुद्र पाहिला तो सहलीच्या निमित्ताने, आणि तोही अंगाला सुखावेल इतक्या उबदार पाण्याचा. इंग्लिश खाडीचे पाणी ऑगस्टच्या भर उन्हाळ्यातही सतरा-अठरा अंशांपलीकडे फारसे जात नाही, आणि मे महिन्यात, हवा प्रसन्न आणि ऊन लख्ख असतानाही, ते बारा अंशांच्या आसपास असते. पंधरा अंशांहून थंड पाण्यात मनुष्य अकस्मात पडला की त्याचा श्वास त्याच्या ताब्यात राहत नाही: पहिला मोठा हुंदका आपोआप येतो, त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात, आणि उत्तम पोहणारासही प्रारंभीचे दीड मिनिट पोहणे असाध्य होते. ज्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आहे किंवा जे रक्तदाबाची औषधे घेतात, अशा आपल्या आजी-आजोबांच्या बाबतीत हा धोका बुडण्याच्याही आधी उभा राहतो. म्हणून पाण्यात पडल्यावर तत्काळ हातपाय मारू नयेत. डोके मागे टाकून, कान पाण्यात जाऊ देऊन, श्वास ताळ्यावर येईपर्यंत उताणे तरंगत राहावे, अशी शिकवण या देशातील रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन देते. १८२४ साली स्थापन झालेल्या आणि मुख्यत्वे स्वयंसेवकांच्या बळावर चाललेल्या या संस्थेचे मुख्यालय डॉर्सेटमध्येच, पूल या बंदरात आहे. तिची ही शिकवण मेळाव्याच्या दिवशी प्रत्येकास मराठीतून, सावकाश आणि प्रात्यक्षिकासह समजावून दिली जावी. इंग्रजी सूचनांना मान डोलावणारे सगळेच त्या समजलेले असतात असे नाही.

ज्या किनाऱ्यावर आपण जाणार आहोत, त्याच परगण्यात घडलेली एक दुर्घटना येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथ येथील एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक आणि एका कंपनीच्या साहसी क्रीडा केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम रेजिस येथून कयाकमधून निघाले. जावयाचे होते चारमथपर्यंत, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे दोन मैल, आणि दुपारच्या भोजनापर्यंत पोहोचावे असा बेत होता. निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक पुनःपुन्हा उलटू लागली. एक प्रशिक्षक त्यांच्या साहाय्यार्थ थांबला, दुसऱ्याने आठही मुलांच्या कयाक एकमेकींस धरून ठेवल्या, आणि या खटाटोपात जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने तो तांडा पाहता पाहता किनाऱ्यापासून दूर नेला. पुढे लाटा वाढल्या, कयाकमध्ये पाणी भरले आणि एकामागून एक सर्वजण पाण्यात गेले. प्रशिक्षकांचे शिक्षण अगदी प्राथमिक पायरीचे होते. संकटाचा इशारा देणारे दारूचे बाण कोणापाशीच नव्हते. ठरलेली वेळ टळून गेली तरी किनाऱ्यावरून तटरक्षकांना इतल्ला देण्यात कित्येक तासांची दिरंगाई झाली. चार मुले मरण पावली.

पुढे न्यायालयात असे उघड झाले की, त्याच केंद्रात पूर्वी काम केलेल्या प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच संचालकांना पत्र लिहून, सुरक्षेची तजवीज न केल्यास कधीतरी कोणाच्या मातापित्यांस त्यांचे मूल का परतणार नाही हे सांगण्याची पाळी येईल, अशा अर्थाची ताकीद दिली होती. १९९४ च्या डिसेंबरात त्या कंपनीस आणि तिच्या व्यवस्थापकीय संचालकास सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरविण्यात आले. इंग्लंडच्या न्यायेतिहासात एखाद्या कंपनीवर असा आरोप सिद्ध झाल्याचे ते पहिलेच उदाहरण होय. १९९५ साली संसदेने अल्पवयीनांना साहसी क्रीडा शिकविणाऱ्या केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला.

आता या कायद्यासंबंधी एक गोष्ट आपल्या सभासदांनी नीट ध्यानात घ्यावी. परवान्याचे बंधन मूलतः मोबदला घेऊन असे उपक्रम चालविणाऱ्यांवर घालण्यात आले. आपल्याच सभासदांसाठी उपक्रम करणाऱ्या स्वयंसेवी मंडळांना त्यातून वगळण्यात आले, आणि जी मुले आपल्या पालकांसमवेत येतात त्यांच्यासाठीही परवान्याची अट नव्हती. अर्थात, आपल्या मेळाव्यावर देखरेख ठेवण्यास कोणी सरकारी निरीक्षक येणार नाही. या मोकळीकीचा अर्थ काही जण ‘आपल्याला नियम लागू नाहीत’ असा करतील. आमच्या मते तिचा अर्थ असा की, जे काम एरवी सरकारने केले असते ते संपूर्णपणे आपल्या शिरावर आले आहे, आणि त्यात कसूर झाली तर बोट दाखविण्यास दुसरे कोणीही उरणार नाही.

लाइम उपसागरात जे घडले त्याच्या मुळाशी वारा होता, आणि किनाऱ्यावरील वल्ह्यांच्या खेळात वाऱ्याइतकी फसवी गोष्ट दुसरी नाही. शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. त्यांतला मतलई वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेचा, जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा, येथे दिवसाच्या कोणत्याही प्रहरी सुटू शकतो. कड्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या माणसास तो जाणवतही नाही. किनाऱ्यालगतचे पाणी तळ्यासारखे निश्चल दिसते, लाट म्हणून नसते, आणि नवशिक्यास वाटते की पॅडलबोर्डसाठी याहून अनुकूल दिवस मिळणार नाही. शंभर-दोनशे वार आत गेल्यावर कड्याचा आडोसा संपतो, वारा पाठीवर येतो, आणि बोर्डावर उभ्या असलेल्या माणसाचे शरीरच शिडाचे काम करू लागते. परत फिरावे तर वल्ह्याच्या दर फटक्यास जेवढे पुढे यावे तेवढेच मागे सरकावे लागते. उलट, समुद्राकडून येणारा वारा लाटा उठवितो, भीती दाखवितो, चार वेळा उलथवितोही; पण अखेरीस तो किनाऱ्याकडेच आणतो. जो समुद्र खवळलेला दिसतो त्यापेक्षा जो प्रसन्न दिसतो त्याचीच अधिक खातरजमा करावी लागते. म्हणूनच जीवरक्षक किनाऱ्यावर नारिंगी रंगाची वातनळी फडकावतात. ती दिसली की हवा भरून फुगविलेली कोणतीही वस्तू पाण्यात न्यावयाची नसते, आणि हल्ली स्वस्तात मिळणारे बहुतेक पॅडलबोर्ड हे फुगविण्याचेच असतात, हे विसरू नये. लाल-पिवळ्या झेंड्यांमधील पाणी पोहणारांचे, काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांमधील पाणी बोर्ड आणि कयाक यांचे, आणि लाल झेंडा असेल तर पाणी कोणाचेच नव्हे, एवढी झेंड्यांची भाषा आपल्या लहान मुलांनाही मेळाव्यापूर्वी तोंडपाठ असावी.

परंतु वारा ओळखणे एक आणि त्याप्रमाणे वागणे निराळे. ज्यांनी मंडळाचे कार्यक्रम आयोजित केले आहेत त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही की, सकाळी दहा वाजता, तीन-तीन तास मोटार चालवून आलेली कुटुंबे वाळूवर उतरलेली असताना, भाड्याच्या कयाकचे पैसे आगाऊ दिलेले असताना, आणि मुले जाकिटे चढवून उतावीळ झालेली असताना ‘आज वल्ही पाण्यात उतरणार नाहीत’ हे वाक्य उच्चारणे किती कठीण असते. कोणी म्हणतो, अर्धा तास तर जाऊ द्या. कोणी म्हणतो, मागच्या वर्षी याहून जोराचा वारा होता. कोणी अध्यक्षांकडे जातो, अध्यक्ष कार्यवाहांकडे बोट दाखवितात, आणि आपल्या स्वभावातील जी भीड इतरत्र सद्गुण म्हणून शोभते तीच अशा वेळी घातक ठरते. म्हणून आमची कार्यकारिणीस आग्रहाची सूचना आहे की, मेळाव्याच्या किमान महिनाभर आधी एका व्यक्तीस लेखी ठरावाने सुरक्षेची मुखत्यारी द्यावी. ही व्यक्ती पदाधिकारी असू नये, तिने त्या दिवशी स्वतः वल्हे हाती धरू नये, आणि कार्यक्रम तहकूब करण्याचा तिचा निर्णय अध्यक्षांसही फिरविता येऊ नये. वाऱ्याची मर्यादाही आधीच मुक्रर असावी: नवशिक्यांसाठी ताशी दहा सागरी मैल, आणि वारा जमिनीकडून वाहत असेल तर तेवढाही चालणार नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आणि उधाणाचा दिवस आहे की भांगाचा, हे तारीख ठरविण्यापूर्वीच पाहिले जावे. भाड्याने साहित्य देणाऱ्याशी करार करतानाच हवामानामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची तरतूद करून घ्यावी, कारण अडकलेला पैसा हा विवेकाचा मोठा वैरी असतो.

दुसरी बाब हजेरीची. पाण्यात कोण गेले आणि कोण परतले, याची नोंदवही किनाऱ्यावर एका जबाबदार सभासदाच्या हाती असावी, आणि त्याने दुसरे कोणतेही काम करू नये. आपल्या मेळाव्यांत मुलांकडे सर्वांचे लक्ष असते असे आपण समजतो. ज्या मुलाकडे सर्वांचे लक्ष असते त्याच्याकडे नेमके कोणाचे आहे, असे विचारले की उत्तर मिळत नाही. परतण्याची वेळ टळल्यावर किती मिनिटे वाट पाहावयाची हेही आधीच ठरलेले असावे, आणि ती संपताच ९९९ फिरवून तटरक्षकांना बोलवावे. विनाकारण त्रास दिला असे ते कधीही म्हणत नाहीत. जो पाण्यात अडकला असेल त्याने बोर्ड किंवा कयाक सोडून पोहत किनारा गाठण्याचा मोह धरू नये. ती वस्तू तरंगते, दुरून दिसते, आणि शोधणारास माणसाच्या डोक्यापेक्षा कितीतरी आधी सापडते. जाकीट पाण्यात उतरण्यापूर्वीच अंगावर आणि सर्व पट्ट्यांनिशी आवळलेले असावे. सुती सलवार, जीन्स किंवा साडी नेसून कयाकमध्ये बसण्याचा हट्ट कोणीही, छायाचित्रापुरताही, धरू नये.

येथे वेल्समधील एका अलीकडच्या घटनेचा उल्लेख थोडक्यात करतो. ३० ऑक्टोबर २०२१ रोजी हॅव्हरफर्डवेस्ट येथे पुराच्या पाण्याने फुगलेल्या नदीवर पॅडलबोर्डांची एक सहल गेली, बंधाऱ्यावरून कोसळली, आणि चौघे प्राणास मुकले. नदीचा बंधारा आणि आपला सागरतीर यांत साम्य नाही. पण वाटेत बंधारा आहे आणि तो धोक्याचा आहे, हे त्या सहलीतील लोकांना नीट सांगितलेच गेले नव्हते, ही चौकशीतून पुढे आलेली बाब आपल्यालाही तंतोतंत लागू पडते. धोका स्वीकारण्याचा अधिकार प्रौढ माणसास आहे. तो न सांगता त्याच्या गळ्यात घालण्याचा अधिकार कोणत्याही आयोजकास नाही.

इतक्या अटी घातल्यावर उत्साह उरेल काय, असा प्रश्न काही तरुण सभासद विचारतील. त्यांना आम्ही आपल्याच किनाऱ्यावरील कोळ्यांचा दाखला देऊ इच्छितो. समुद्राशी ज्यांची पिढ्यानपिढ्यांची सोयरीक, ते लोक पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतात आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करूनच पुन्हा नांगर उचलतात. त्यांना भित्रे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. उलट, फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते धाडसास निघाले नव्हते, समुद्र त्यांच्या परिचयाचा नव्हता, एवढेच. आपल्या मेळाव्यास येणारी कुटुंबे यांपैकी कोणाच्या अधिक जवळची आहेत, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावे.

या अंकासोबत मेळाव्याचा नोंदणी अर्ज जोडला आहे. पोहता येते किंवा नाही, हृदयविकार, दमा किंवा अपस्मार आहे किंवा नाही, हे दोन रकाने सर्वांनी संकोच न ठेवता खरेपणाने भरावेत. ती माहिती सुरक्षेच्या मुखत्याराखेरीज कोणाच्याही दृष्टीस पडणार नाही. ज्या सभासदांनी कयाकचे, जीवरक्षणाचे किंवा प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले आहे, त्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे त्वरित द्यावीत. आणि मेळाव्याच्या दिवशी वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असला तर कयाक वाळूवरच राहतील. त्या वेळी मुखत्याराशी कोणीही वाद घालू नये, ही सर्व सभासदांस आमची कळकळीची विनंती आहे.