विश्लेषण : कबड्डीत डाव ‘मेला’ हे नेमकं केव्हा ठरतं?

७ ऑक्टोबर २०२३. हांगझो आशियाई स्पर्धेतली पुरुष कबड्डीची अंतिम लढत. भारत २८, इराण २८. जेमतेम एक मिनिट उरलं असताना खेळ थांबला आणि जवळपास तासभर थांबूनच राहिला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे दोन खेळाडू या संघात होते. २०१८ मध्ये उपांत्य फेरीत इराणनेच भारताला हरवलं होतं, त्यामुळे हे सुवर्ण प्रतिष्ठेचं होतं. पण वाद कशावरून झाला, हे आजही अनेकांना उमगलेलं नाही.

नेमकं काय घडलं?

कर्णधार पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईवर होता. कोणालाही स्पर्श न करता तो कडेच्या लॉबीत गेला. इराणचे बचावपटूही त्याच्यामागे लॉबीत शिरले. मैदानाच्या दोन्ही कडांना एक-एक मीटरचा हा पट्टा असतो. स्पर्श होईपर्यंत तो मैदानाबाहेर धरला जातो. झटापट सुरू झाली की तोच पट्टा मैदानाचा भाग बनतो. म्हणजे पवन बाद, यात शंका नव्हती. प्रश्न होता मागून आलेल्यांचा.

दोन नियम कोणते?

जुन्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पर्शाविना लॉबीत पाय टाकणारा प्रत्येक जण बाद. चढाईपटू आणि बचावपटूही. प्रो कबड्डी लीगमधल्या नव्या नियमानुसार चढाईपटूचा पाय लॉबीत पडताच डाव तिथेच संपतो. त्यानंतर कोण कुठे गेलं याला अर्थ उरत नाही. भारताने जुन्या नियमावर बोट ठेवलं, इराणने नव्या. पंचांनी निर्णय फिरवले, खेळाडू मॅटवर ठाण मांडून बसले, शेवटी कौल भारताच्या बाजूने लागला. गंमत म्हणजे दोन्ही संघांतले अनेक खेळाडू त्याच लीगमध्ये खेळतात. नियम माहीत नव्हता असं नाही. दोन नियम माहीत होते, ही खरी अडचण होती.

इतर खेळांत असं होतं का?

अमेरिकन फुटबॉलमध्ये हेच दिसतं. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू घसरून गुडघ्यावर पडला, त्याला कोणी हातही लावलेला नाही, आणि मग चेंडू निसटला. कॉलेजच्या सामन्यात गुडघा टेकताच चेंडू ‘मृत’. पुढे तो कोणी उचलला तरी उपयोग नाही. व्यावसायिक लीगमध्ये मात्र प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय डाव संपत नाही. तिथे हाच प्रसंग ‘फंबल’ ठरतो आणि चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. खेळ एक, प्रसंग एक, निकाल उलटे. फरक इतकाच, की तिथे सामना कोणत्या नियमपुस्तिकेने चालला आहे, हे दोन्ही संघांना आधीपासून ठाऊक असतं.

मराठी मातीत हा प्रश्न नवा आहे का?

मुळीच नाही. हुतूतूत गडी ‘मरतो’ आणि ‘जिवंत’ही होतो. संजीवनी प्रकारात प्रतिस्पर्धी बाद झाला की आपला गडी परत येतो. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो. अमरमध्ये गुण जातो, पण गडी मैदान सोडत नाही. मरण्याची व्याख्या बदलली की खेळच बदलतो, हे जुन्या खेळाडूंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून कोणत्या प्रकाराने खेळायचं, हे आधी ठरवावं लागे.

गावच्या मैदानाला याचं काय?

टीव्हीवर लीग पाहून मोठी झालेली मुलं जालना जिल्ह्यातल्या वाटूरसारख्या गावांतही आहेत. फक्कीने आखलेल्या मैदानावर ना कॅमेरा, ना रिव्ह्यू. तिथे एका मुलाच्या डोक्यात लीगचा नियम आणि पंचाच्या डोक्यात जुना नियम असला, तर भांडण ठरलेलंच. हांगझोमध्ये तासभर चर्चा करायला अधिकारी होते. गावात तेवढ्यात सामनाच उधळतो, आणि नियमाप्रमाणे खेळलेला पोरगाही ‘चिडका’ ठरतो. नाणेफेकीच्या वेळी पंचाने दोन्ही कर्णधारांना लॉबीचा नियम सांगितला, तर त्यासाठी अर्धं मिनिटही लागत नाही.