संगणक पाठ करायचा की वाचायचा?

मुलांनो, आपल्या भित्तिपत्रकावर कविता, कोडी आणि सुविचार पुष्कळ येतात. या वेळी मी माझे एक मत लिहून चिकटवतो आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही. ज्याला पटणार नाही त्याच्यासाठी शेजारी जागा मोकळी ठेवली आहे, तिथे आपले मत लिहून लावावे. पालकांनीही लावावे.

माझे म्हणणे एवढेच आहे की, संगणक पाठ करायचा नसतो, वाचायचा असतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या वह्या मी चाळल्या. संगणकाच्या पानावर काय लिहिलेले असते? “खाली डाव्या कोपऱ्यात जा. टिचकी मारा. वरून चौथ्या ओळीवर जा. टिचकी मारा. मग उजवीकडे जा.” हे तुम्ही पाढ्यासारखे घडाघडा म्हणून दाखवता. पण त्याच मुलाला दुसऱ्या संगणकापुढे बसवले की त्याचा हात थांबतो. तिथे चौथी ओळ भलतीच निघते. “सर, हा कॉम्प्युटर वेगळाच आहे!” अहो, वेगळा कुठला? नावे तीच आहेत, फक्त जागा बदलली आहे.

आणि जागा बदलतात, बरं का. विंडोजमध्ये ‘स्टार्ट’ नावाचे बटण 1995 साली आले आणि खाली डाव्या कोपऱ्यात बसले. 2012 सालच्या विंडोज 8 मधून ते काढूनच टाकले. लोकांनी ओरड केली तेव्हा पुढच्या वर्षी परत आणले. 2021 मध्ये विंडोज 11 आले, त्यात ते कोपरा सोडून पट्टीच्या मध्यभागी येऊन बसले. ज्यांनी कोपरा पाठ केला होता ते कोपऱ्यातच टिचक्या मारत राहिले. ज्यांना बटणाचे चित्र माहीत होते त्यांना काहीच अडचण आली नाही.

एस.टी. स्टँडवर हेच दिसते. एक माणूस ‘आपली गाडी तिसऱ्या फलाटाला लागते’ एवढे पाठ करून येतो आणि तिसऱ्या फलाटावरच्या गाडीत बसतो. दुसरा गाडीवरची पाटी वाचतो आणि मग बसतो. आपल्या गावाला कोण पोचेल ते मी सांगायला नको.

यात मौजेची गोष्ट अशी की, पडद्यावरच्या या याद्या लोकांना पाठांतरातून सोडवण्यासाठीच निघाल्या. पूर्वीच्या संगणकावर काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकायची. काय हवे त्याचा हुकूम आपण टंकून द्यायचा. हुकूम पाठ नसेल किंवा एक अक्षर चुकले, तर यंत्र जागचे हलत नसे. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकाच्या मनात आले की, माणसाला पडद्यावरच्या वस्तूकडे नुसते बोट दाखवता आले तर? त्यातून माउस निघाला. पहिल्या माउसचे कवच लाकडी होते. 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एंगलबार्टने तो भरसभेत चालवून दाखवला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत खिडक्या आणि याद्या यांची घडी बसली. 1984 साली अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आणि 1985 साली विंडोजची पहिली आवृत्ती बाजारात आली. म्हणजे बघा, एवढ्या लोकांनी एवढी खटपट केली ती तुम्हाला पाठ करावे लागू नये म्हणून. आणि आपण काय करतो, तर ती यादीच पाठ करतो!

आता वाचायचे म्हणजे काय, ते सांगतो.

संगणक सुरू झाला की जो मोकळा पडदा दिसतो त्याला डेस्कटॉप म्हणतात. डेस्कटॉप म्हणजे टेबलाचा वरचा भाग. टेबलावर आपण वही ठेवतो, तिच्यावर पुस्तक ठेवतो. पुस्तकाखालची वही दिसत नाही, पण ती कुठे जात नाही. संगणकावर प्रत्येक काम एका चौकटीत उघडते, तिला विंडो म्हणजे खिडकी म्हणतात. एका खिडकीवर दुसरी उघडली की पहिली झाकली जाते. त्या वेळी वर्गात हमखास आरोळी येते, “सर, माझं चित्र गेलं!” गेलेले काही नसते. पडद्याच्या तळाला एक पट्टी असते, तिला टास्कबार म्हणतात. उघडलेल्या प्रत्येक कामाची खूण तिथे असते. तिच्यावर टिचकी मारली की चित्र पुन्हा पुढे येते. ही पट्टी वाचायची सवय लागली तर निम्म्या आरोळ्या बंद होतील.

खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात: आडवी रेघ, चौकोन आणि फुली. रेघेने खिडकी खाली पट्टीत जाऊन बसते. चौकोनाने ती पडदाभर पसरते आणि पुन्हा दाबला की लहान होते. फुलीने ती बंद होते. रेघ आणि फुली यांत फार फरक आहे. रेघ म्हणजे वही बाजूला सरकवणे. फुली म्हणजे वही मिटून दप्तरात टाकणे. अ‍ॅपलच्या संगणकावर याच कामासाठी डाव्या कोपऱ्यात तीन रंगीत ठिपके असतात. तेव्हा कोपराही पाठ करू नका.

मेनू म्हणजे हॉटेलातल्या भिंतीवरची पदार्थांची यादी. यादी उघडली म्हणून काही खाल्लेच पाहिजे असे नाही. वाचायची, आणि नको असेल तर ‘एस्केप’ची कळ दाबायची; यादी मिटते, बिल होत नाही. मेनू वाचताना बारीक खुणाही वाचाव्यात. एखादे नाव फिकट, करड्या रंगात दिसते. हॉटेलवाला ‘भजी संपली’ म्हणतो ना, तसेच ते. आत्ता ते मिळणार नाही. नोटपॅडमध्ये ‘कॉपी’ फिकट दिसत असेल तर अर्थ असा की, कशाची नक्कल करायची ते तुम्ही अजून निवडलेले नाही. पुष्कळ मुले फिकट नावावर दहा-दहा टिचक्या मारतात आणि यंत्र बिघडले म्हणून सांगत येतात. काही नावांपुढे तीन टिंबे असतात. तिथे टिचकी मारली की काम लगेच होत नाही, संगणक आधी आणखी काही विचारतो. नावापुढे छोटा बाण असेल तर आत आणखी एक यादी आहे असे समजावे. एवढ्या खुणा ज्याला कळल्या त्याला न शिकवलेला मेनूही वाचता येतो.

‘कट’ आणि ‘पेस्ट’ हे शब्द तर तुमच्या हातातलेच आहेत. पूर्वी वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकुराची जागा बदलायची असली की कात्रीने कागद कापत आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवत. लॅरी टेस्लर नावाच्या माणसाने 1970 नंतरच्या दशकात झेरॉक्सच्या त्याच प्रयोगशाळेत सहकाऱ्यांबरोबर ही कात्री आणि हा डिंक संगणकात आणला. 2020 साली तो वारला. आपले भित्तिपत्रक आपण अजून खऱ्या कात्रीने आणि खऱ्या डिंकानेच करतो, म्हणून आपल्या मुलांना कट-पेस्ट समजायला शहरातल्या मुलांपेक्षा सोपे जावे असे मला वाटते. फरक एवढाच की, इथे वाकडे कापले गेले तर कागद वाया जातो. तिथे ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या दोन कळा एकदम दाबल्या की कापलेले पुन्हा जोडले जाते.

वाचले नाही तर काय होते, हेही ऐका. आपल्या शाळेतून सातवी होऊन गेलेली एक मुलगी तालुक्याला निबंध स्पर्धेला गेली होती. निबंध संगणकावर टंकायचा होता. तिने दोन पाने लिहिली. वेळ संपल्याची घंटा झाली, तिने घाईने फुली दाबली. संगणकाने विचारले, बदल जतन करायचे का? खाली तीन बटणे होती: सेव्ह, डोन्ट सेव्ह आणि कॅन्सल. तिला वहीतून शिकवले होते की ‘चौकट आली की मधले बटण दाबायचे’. तिने मधले दाबले. दोन पाने गेली. तिला निबंध येत होता, मराठी येत होते, टंकायलाही येत होते. फक्त ती तीन नावे वाचायला तिला कोणी सांगितले नव्हते. या तिघांतले ‘कॅन्सल’ हे नवशिक्याचे सर्वांत जवळचे मित्र आहे. काही कळेनासे झाले तर ते दाबावे. जसे होते तसे राहते, आणि शांतपणे विचार करायला वेळ मिळतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते. माउस कोणाच्या हातात असतो?

आपल्याकडे एका संगणकाभोवती पाच-सहा मुले बसतात. माउस असतो एकाच्या हातात, आणि तो बहुधा वर्गातला धीट मुलगा असतो. मुली मागे उभ्या राहतात. त्या पाहतात, मान डोलावतात, आणि ‘आम्हाला आलं’ म्हणतात. पाहून पोहायला येत नाही, तसे पाहून हेही येत नाही.

1999 साली दिल्लीत कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी एक प्रयोग केला. त्यांच्या कचेरीच्या भिंतीपलीकडे झोपडवस्ती होती. त्या भिंतीला भोक पाडून त्यांनी त्यात संगणक बसवला आणि मुलांना शिकवायला कोणालाच ठेवले नाही. काही दिवसांत मुले खिडक्या उघडू-मिटू लागली, चित्रे काढू लागली. पडद्यावरच्या बाणाला ती ‘सुई’ म्हणत, आणि संगणक थांबा म्हणतो तेव्हा दिसणाऱ्या वाळूच्या घड्याळाला ‘डमरू’. किती नेमके नाव! इंग्रजी आल्याशिवाय संगणक येणार नाही असे जे म्हणतात, त्यांनी हा डमरू ध्यानात ठेवावा. मेनूतली रोज लागणारी नावे पंधरा-वीसच आहेत. ती मराठी अक्षरात अर्थासह लिहून भिंतीवर लावली की झाले. विंडोजला मराठी रूपही देता येते. पण पुढे तालुक्याला तुमच्यापुढे इंग्रजी पडदाच येण्याचा संभव जास्त, म्हणून दोन्ही नावे माहीत असलेली बरी.

मात्र त्या प्रयोगावर काही अभ्यासकांनी एक आक्षेप घेतला, तोही सांगितला पाहिजे. यंत्रापाशी मोठे मुलगे पुढे राहत आणि मुली व लहान मुले मागे पडत. म्हणजे नुसते यंत्र मोकळे ठेवून भागत नाही. कोणाचा हात कधी, हे ठरवावे लागते.

म्हणून माझी सूचना अशी. ज्याला येते त्याने माउसला हात लावायचा नाही. त्याने हाताची घडी घालून बसायचे आणि शेजारच्याला तोंडाने सांगायचे. “तिकडे... अरे तिकडे... ते!” असे सांगून चालणार नाही. “वरच्या पट्टीतलं फाइल उघड, त्यात सेव्ह शोध,” असे नाव घेऊन सांगायचे. सांगणाऱ्याला नावे नीट येतील आणि ऐकणाऱ्याला पडदा वाचावा लागेल. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या.

काही पालक विचारतात, “गुरुजी, पोरं मोबाइल सराईत चालवतात, मग हे कशाला?” मोबाइल वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण मोबाइलवर बहुतेक वेळा एकच काम पडदाभर असते. संगणकावर एका खिडकीत उतारा आणि शेजारच्या खिडकीत आपले लिखाण असे दोन्ही उघडे ठेवून काम करता येते. शिवाय आपण केलेले काम कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले, हे संगणकावर आपल्यालाच ठरवावे आणि शोधावे लागते. कचेरीतली कामे अशीच चालतात. सातबारा आज संगणकावरून निघतो, अर्ज संगणकावर भरले जातात. ज्याला पडदा वाचता येत नाही तो माणूस दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहतो, आणि बसलेला काय भरतो आहे ते त्याला कळत नाही. आपल्या गावातली किती माणसे अशी उभी राहतात, हे तुम्ही घरी विचारून पाहा.

“पोरं बिघडवतील” ही दुसरी भीती. नुसत्या टिचक्यांनी संगणक सहसा बिघडत नाही. पुसलेली फाइलसुद्धा आधी कचऱ्याच्या टोपलीत जाते आणि टोपली रिकामी करीपर्यंत परत मिळते. त्रास होतो तो चालू यंत्राची तार ओढण्याने, आणि आपल्याकडे वीज जाण्याने. त्यासाठी दर पाच मिनिटांनी ‘कंट्रोल’ आणि ‘एस’ दाबावे. संगणकावर कापड झाकून आणि कुलूप लावून तो टिकतो खरा, पण कपाटातली नवी वहीसुद्धा अशीच टिकते.

येत्या शनिवारी सकाळी परिपाठानंतर सहावी आणि सातवीचे गट बसतील. प्रत्येकाला माउस दहा मिनिटे मिळेल. पहिला नंबर मागे उभ्या राहणाऱ्यांचा. नंबरांचा कागद फळ्याच्या उजव्या बाजूला लावला आहे. आपले नाव तेवढे शोधून ठेवा.